प्राध्यापक टिकत नाहीत? संस्थाचालकांनो, या चुका टाळा

जून जवळ आला की टाइमटेबलमध्ये दोन-तीन नावं खोडून त्या जागी ‘नवीन शिक्षक १’, ‘नवीन शिक्षक २’ असं लिहायचं. एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात विभागप्रमुख असताना मी हे सलग काही वर्षं केलं. प्रत्येक वेळी बैठकीत कारण तेच निघायचं: ‘बाहेर पगार जास्त मिळतो.’ मग विषय संपायचा आणि जाहिरात निघायची.

पहिली चूक इथेच होते. कारण शोधायच्या आधीच ठरवून टाकलं जातं. त्यापेक्षा मागच्या पाच वर्षांत सोडून गेलेल्यांची यादी काढा. कधी रुजू झाले, कधी गेले, कोणत्या विभागातून आणि कुठे गेले, एवढंच लिहा. पहिल्याच वर्षी जाणारे जास्त असतील, तर मुलाखतीत सांगितलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम यांत फरक आहे. तीन-चार वर्षांनी जात असतील, तर पीएच.डी. किंवा बढतीची वाट अडली आहे. एकाच विभागातून जात असतील, तर त्या विभागप्रमुखाशी बोला. आणि तेवढ्याच पगारावर शेजारच्या महाविद्यालयात जात असतील, तर पगाराचं कारण तिथेच बाद झालं.

पगार महत्त्वाचा नाही असं मी म्हणणार नाही. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, आणि अनेक विनाअनुदानित संस्था एकत्रित वेतनाच्या नावाखाली त्याहून बरंच कमी देतात. पण माणूस खचतो तो पगाराची तारीख ठरलेली नसते तेव्हा. गृहकर्जाचा हप्ता पाच तारखेला जातो आणि पगार दीड महिना उशिरा येतो. ‘सरकारकडून शिष्यवृत्तीची रक्कम आली नाही’ हे कारण खरंही असतं. पण ती उशिरा येणार हे दरवर्षी ठाऊक असतं ना? मग प्रवेशाच्या वेळी जमा होणाऱ्या फीमधून दोन महिन्यांच्या पगाराची रक्कम आधीच बाजूला काढा. तरीही उशीर होणार असेल, तर तारीख लेखी कळवा. शिपायाकडून उडत-उडत कानावर येऊ देऊ नका.

माझ्या मते सगळ्यांत घातक चूक म्हणजे माणसाला कागदांनी बांधून ठेवणं. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घ्यायची, तीन वर्षांचा बॉण्ड लिहून घ्यायचा, राजीनामा दिला की अनुभव प्रमाणपत्र अडवायचं. माझ्या विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याला दुसरीकडे मुलाखतीसाठी मूळ कागद हवे होते. कार्यालयाने त्याला आठवडाभर फिरवलं आणि मुलाखतीची तारीख गेली. मी तेव्हा गप्प राहिलो, ते आजही मनाला लागून आहे. तो सत्र संपल्यावर गेलाच, पण जे घडलं ते पाहून आणखी तिघांनी बाहेर अर्ज केले. मूळ प्रमाणपत्रं पडताळून त्याच दिवशी परत द्या. झेरॉक्सवर सही घेतली की तुमचं काम झालं.

ग्रॅच्युइटी वाचवण्यासाठी पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत सेवेत खंड दाखवण्याची युक्तीही सोडून द्या. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षक ग्रॅच्युइटी कायद्यात आले आणि ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वैध ठरवली.

सार्वजनिक विद्यापीठं आणि अनुदानित महाविद्यालयांचं दुखणं वेगळं आहे. तिथली कायम नोकरी सहसा कुणी सोडत नाही, पण चांगला संशोधक केंद्रीय संस्थेची जाहिरात बघू लागतो, आणि बाकीचे मनाने निवृत्त होतात. इथे अडथळा असतो कॅसच्या, म्हणजे ठरावीक सेवेनंतर मिळणाऱ्या बढतीच्या, फाइलचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार पहिल्या टप्प्याला पीएच.डी. असेल तर चार, एम.फिल. असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा वर्षं लागतात. पुढे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाची (आयक्यूएसी) तपासणी, विद्यापीठाचे तज्ज्ञ, मुलाखत, सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चिती, मग फरकाची रक्कम. यातला एक कागद कमी पडला की फाइल परत, आणि त्यात वर्ष जातं. यावर उपाय साधा आहे. पात्रतेच्या तारखेआधी सहा महिने कार्यालयानेच शिक्षकाला पत्र द्यावं, दरवर्षीचं मूल्यमापन त्याच वर्षी सही करून ठेवावं, आणि फाइल कुठे आहे हे सांगायला एक ठरावीक माणूस असावा.

आणि तासिका तत्त्वावरचे? सेट-नेट, पीएच.डी. असलेली माणसं दोन-तीन महाविद्यालयांत धावत तास घेतात, सुट्टीत हातात काहीच येत नाही. कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नयेत, असं याच २०१८ च्या नियमांत आहे. अतिथी प्राध्यापकासाठी यूजीसीने २०१९ मध्ये तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचवले. पदभरती शासनाच्या मान्यतेवर अडते, हे मान्य. पण मानधन महिन्याच्या महिन्याला देणं, अनुभव प्रमाणपत्र न मागता देणं, ग्रंथालयाचं कार्ड आणि बसायला टेबल देणं हे प्राचार्यांच्या हातात आहे.

कामाच्या वाटपाकडेही बघा. नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. त्यावर महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाइली, परीक्षेची कामं आणि मे महिन्यात प्रवेशासाठी गावोगाव फिरणं, हे सगळं विभागातल्या दोन कामसू माणसांवरच पडतं. नेमकी तीच आधी जातात. २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेवरून परतलेल्या शिक्षिकेला लगेच सकाळचं पहिलं लेक्चर आणि संध्याकाळचं प्रॅक्टिकल देऊ नका.

राजीनामा आल्यावर ‘का जाताय?’ असं विचारून खरं उत्तर मिळत नाही, कारण त्याला ना-देय प्रमाणपत्र हवं असतं. तोच प्रश्न पहिलं सत्र संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, राहिलेल्या प्रत्येकाला विचारा, तेही विभागप्रमुख समोर नसताना. आणि जो निघालाच आहे त्याला कार्यमुक्तीचा आदेश, अनुभव प्रमाणपत्र आणि शेवटचा पगार वेळेत द्या. तुमची पुढची जाहिरात वाचून अर्ज करणारा उमेदवार आधी त्यालाच फोन करणार आहे.