कापसाच्या प्रथिनांवर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

वर्धा मार्गावरील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेमुळे नागपुरात कापसावर संशोधन करू पाहणारे बरेच विद्यार्थी भेटतात आणि ते बहुधा जनुक-संपादनाविषयीच विचारतात. मी त्यांना प्रथिनांकडेही वळायला सांगते. काही जनुके कायमची बंद केली, तर रोप जगतच नाही. मात्र त्यांचे प्रथिन रसायनाने हवे तेव्हा घटवता आले, तर ते वाढीच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर लागते, हे कळते.

विदर्भाच्या शिवारात याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. शेजारच्या धुऱ्यावरून टू-फोर-डी या तणनाशकाचा फवारा उडून आला, की पऱ्हाटीची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरत जातात. हे कृत्रिम ऑक्सिन, म्हणजे वाढीच्या ऑक्सिन संप्रेरकाची नक्कल, टीआयआर-१ कुळातील ग्राहक प्रथिन आणि ऑक्सिनला प्रतिसाद देणारी जनुके दाबून ठेवणारे ऑक्स/आयएए प्रथिन यांच्यामधल्या खाचेत बसून दोघांना एकत्र धरते. मग ऑक्स/आयएएवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने तोडणारे यंत्र, त्याचे तुकडे करतो. ही रीत २००७ मध्ये स्फटिकरचनेतून उलगडली आणि २००९ मध्ये ऑक्सिन देऊन यीस्ट व प्राण्यांच्या पेशींतले हवे ते प्रथिन नष्ट करण्याची पद्धत पुढे आली. पिकांत ती जशीच्या तशी उचलता येत नाही, कारण ऑक्सिन दिले की रोपाची सगळी वाढच बदलते. म्हणून रोपाच्या स्वतःच्या संप्रेरकांना धक्का न लावणारे रसायन शोधणे, हा मला या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो.

उलट दिशेचे उदाहरण मेपिक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे आहे. दाट लागवडीच्या कापसावर ते फवारले, की उंची वाढवणारे जिबरेलिन हे संप्रेरक कमी तयार होते, वाढ रोखणारी डेला प्रथिने नष्ट न होता साचतात आणि झाड आटोपशीर राहते.

प्रयोगशाळेत पहिली कसोटी पानाचीच लागते. कापसाच्या पानात टॅनिनसारखी फिनॉली द्रव्ये भरपूर असल्यामुळे द्रवरूप नायट्रोजनमध्ये कुटलेली भुकटी वितळू लागताच अर्क तपकिरी पडतो आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडाने एखादे प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) स्पष्ट पट्टीऐवजी धूसर ओघळ उमटतो. त्यासाठी कुटतानाच फिनॉली द्रव्ये धरून ठेवणारी पीव्हीपीपी ही भुकटी मिसळावी आणि फिनॉल पद्धतीने प्रथिने काढावीत. तुलनेच्या रोपांना रसायनाविना, पण तेवढेच डीएमएसओ (रसायन ज्यात विरघळवतात तो द्रावक) द्यावे. जनुकाकडून प्रथिन बनवण्याचा संदेश नेणारा आरएनए घटला तरीही पट्टी फिकीच दिसते. त्यामुळे आरएनए मोजल्याशिवाय, आणि एमजी-१३२ या रोधकाने प्रोटिअसोम रोखल्यावर प्रथिन टिकते का हे पाहिल्याशिवाय, रसायनाने प्रथिन तोडले असे प्रबंधात लिहू नये. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला, की हरितगृहातल्या रोपांची प्रथिने उष्णतेनेच बदलू लागतात. त्या दिवसांत प्रयोग नियंत्रित तापमानाच्या कक्षातच लावावेत.