वायर्ड राउटर घेण्याआधी: खोक्यावरचा आकडा आणि हाती येणारा वेग

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण वायर लावलेल्या कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट ९४ च्या पुढे जात नाही. अशा वेळी बहुतेक जण लगेच नवा राउटर शोधायला लागतात. जरा थांबा. ९४-९५ वर अडकलेला आकडा दिसला की जवळजवळ नेहमीच वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची लिंक जुळलेली असते, आणि तिचं कारण चाळीस रुपयांची पॅच कॉर्डसुद्धा (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी केबल) असू शकते.

१०० एमबीपीएसला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात (पिन १, २, ३ आणि ६). गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तरी नेट चालूच राहतं. फक्त वेग गुपचूप खाली येतो. दिवे लुकलुकत असतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट उघडा. तिथे 'लिंक स्पीड' १०००/१००० असायला हवा. १००/१०० दिसला तर आधी पॅच कॉर्ड बदला, मग पोर्ट बदला. नेटवाल्याने दिलेल्या फायबरच्या डब्यावरही (ओएनटी) लक्ष ठेवा. काही स्वस्त ओएनटींचं पहिलं पोर्टच गिगाबिट असतं, बाकीची १०० ची असतात.

भिंतीतून गेलेली केबल संशयास्पद असेल तर तिचं एक टोक कापून तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. बाजारात 'सीसीए' म्हणून मिळते ती हीच. ती वाकवली की तुटते, क्रिम्पिंगच्या (कनेक्टर दाबून बसवण्याच्या) जागी सैल पडते आणि पीओईवर (केबलमधूनच वीज देऊन) कॅमेरा चालवला तर लांब अंतरावर व्होल्टेज कमी पडतं. नवं वायरिंग करणार असाल तर शुद्ध तांब्याची कॅट-६ घ्या. आधीची कॅट-५ई चांगली असेल तर ती उखडू नका. १०० मीटरपर्यंत गिगाबिट तिच्यावर व्यवस्थित चालतं, २.५ गिगाबिटसुद्धा चालतं. क्रिम्पिंग करताना दोन्ही टोकांना एकच रंगक्रम ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ टोकापाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका.

हे सगळं ठीक असेल तरच राउटरकडे वळा.

आकडा कुठला वाचायचा

'५ गिगाबिट पोर्ट' याचा अर्थ एवढाच की पोर्ट गिगाबिटचे आहेत. आतला प्रोसेसर तेवढा डेटा वॅनमधून (नेटकडची बाजू) लॅनमध्ये (आपलं आतलं नेटवर्क) ढकलू शकतो असा त्याचा अर्थ होत नाही. राउटरला मेगाबिटचा भार नसतो, भार असतो पॅकेटचा, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांचा. प्रत्येक पॅकेटचं हेडर वाचायचं, नॅटच्या (आतल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकच पत्ता देणाऱ्या सोयीच्या) तक्त्यात जोडी शोधायची, फायरवॉलच्या नियमांतून न्यायचं, पत्ता बदलायचा आणि पुढे पाठवायचं. १ गिगाबिटचा पूर्ण वेग १५१८ बाइटच्या मोठ्या पॅकेटने गाठायचा तर सेकंदाला सुमारे ८१ हजार पॅकेट हाताळावी लागतात. ५१२ बाइटची पॅकेट असतील तर सुमारे २ लाख ३५ हजार, आणि ६४ बाइटची असतील तर जवळजवळ १४ लाख ८८ हजार. मोठी फाइल डाउनलोड करताना मोठी पॅकेट येतात. व्हिडिओ कॉल, गेम, बिलिंगचं सॉफ्टवेअर, सीसीटीव्ही हे सगळं एकाच वेळी चालू असलेल्या ऑफिसात सरासरी बरीच खाली येते.

कंपन्या जाहिरातीत अर्थातच मोठ्या पॅकेटचा आणि सगळ्या सोयी बंद ठेवून काढलेला आकडा छापतात. मायक्रोटिक ही लॅटव्हियाची कंपनी याबाबत प्रामाणिक आहे. तिच्या प्रत्येक राउटरच्या पानावर चाचणीचा तक्ता असतो, त्यात तिन्ही आकारांच्या पॅकेटचे निकाल वेगवेगळ्या परिस्थितीत दिलेले असतात. त्यातली '२५ आयपी फिल्टर नियम' ही ओळ आणि ५१२ बाइटचा रकाना पाहा. तो आकडा तुमच्या प्लॅनपेक्षा मोठा असेल तर निर्धास्त घ्या. इतर कंपन्यांच्या बाबतीत 'नॅट थ्रूपुट' (थ्रूपुट म्हणजे प्रत्यक्ष पार होणारा वेग), 'आयपीसेक व्हीपीएन थ्रूपुट' (व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी) आणि 'आयपीएस चालू असताना थ्रूपुट' (आयपीएस म्हणजे घुसखोरी रोखणारी तपासणी) असे आकडे वेगवेगळे दिलेत का, ते बघा. एकच गोल आकडा दिला असेल तर तो सर्वांत सोप्या परिस्थितीतला आहे असं धरून चाला.

आता एक खाचखळगा. स्वस्त राउटर गिगाबिट गाठतात ते हार्डवेअर ऑफलोड किंवा तत्सम आडवाटेने. जोडणी एकदा ओळखीची झाली की पुढची पॅकेट प्रोसेसरची नेहमीची तपासणी टाळून निघून जातात. पण तुम्ही क्यूओएस (कुठल्या डेटाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारी सोय) लावलं, प्रत्येक कॉम्प्युटरला वेगाची मर्यादा घातली किंवा कोण काय बघतंय याची नोंद सुरू केली, की ती आडवाट बंद होते आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. मायक्रोटिकमध्ये ही गंमत नेमकी उलटी दिसते. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये फास्टट्रॅकचा (म्हणजे तिथल्या आडवाटेचा) नियम चालू असतो आणि फास्टट्रॅकमधून गेलेली पॅकेट सिंपल क्यूला (वेगाची मर्यादा घालणाऱ्या रांगेला) शिवतच नाहीत. माणूस क्यू लावतो, मर्यादा लागू होत नाही, तो चक्रावतो. फास्टट्रॅक काढला की क्यू चालायला लागते, पण एकूण वेग धाडकन उतरतो.

म्हणून आधी ठरवा, क्यूओएस खरंच हवं आहे का. एक साधी चाचणी करा. कमांड प्रॉम्प्टवर १.१.१.१ ला सतत पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावून ठेवा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मोठी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा. पिंग ५-१० मिलिसेकंदांवरून दोनशे-तीनशेवर उडी मारत असेल तर अपलोडची रांग तुंबते आहे. मीटिंगमध्ये आवाज तुटतो तो यामुळेच, प्लॅन वाढवून यात फारसा फरक पडत नाही. उपाय म्हणजे एफक्यू-कोडेल किंवा केक पद्धतीची (तुंबू न देणारी) रांग असलेला राउटर घेऊन, मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर मर्यादा लावणं. पिंग हललंच नाही तर क्यूओएसचा नाद सोडा आणि पैसे वाचवा.

कोणाला कुठला

५०० एमबीपीएसपर्यंतचा प्लॅन, घर किंवा चार-पाच माणसांचं ऑफिस, क्यूओएस नको: मायक्रोटिकचा हेक्स किंवा टीपी-लिंकचा ईआर६०५ पुरतो. ईआर६०५ चं सेटिंगचं पान समजायला सोपं आहे आणि त्यात एकापेक्षा जास्त नेट कनेक्शन जोडता येतात. हेक्समध्ये करता येत नाही असं फार थोडं आहे, पण शिकायची तयारी हवी. एका बैठकीत हाताळता येईल अशी ती गोष्ट नव्हे. हेक्सच्या आरबी७५०जीआर३ या मॉडेलमध्ये ८८० मेगाहर्ट्झचा दोन कोअरचा प्रोसेसर आहे. या वर्गातली चिप नीट क्यूओएस लावल्यावर दोनशे-अडीचशे एमबीपीएसच्या आसपास दमते, हे धरूनच हिशेब करा.

पूर्ण १ गिगाबिटचा प्लॅन, त्यावर क्यूओएस, दोन शाखांमध्ये व्हीपीएन, पंधरा-वीस माणसं: आरबी५००९ च्या वर्गातला घ्या. त्यात चार कोअरचा १.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, १ जीबी रॅम, सात गिगाबिट पोर्ट, एक २.५ गिगाबिट आणि एक १० गिगाबिटचं एसएफपी+ पोर्ट (फायबरही लावता येणारं) आहे. दुसरा रस्ता म्हणजे इंटेल एन१०० चा, २.५ गिगाबिटची चार पोर्ट असलेला मिनी पीसी आणि त्यावर ओपनसेन्स किंवा ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर. ताकद भरपूर मिळते, पण बंद पडला तर दुरुस्तीला तुम्हीच. ऑफिसात असं करणारा माणूस नोकरी सोडून गेला की त्या डब्याला कुणी हात लावायला धजत नाही.

२.५ गिगाबिटच्या मागे उगाच लागू नका. गिगाबिट पोर्टमधून प्रत्यक्षात ९४० एमबीपीएसच्या आसपास मिळतात, १ गिगाबिटपर्यंतच्या प्लॅनला ते पुरे. एनएएसवर (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणाऱ्या हार्डडिस्कच्या डब्यावर) फाइल लवकर कॉपी व्हाव्यात म्हणून २.५ चा राउटर घेणारे तर पैसे चुकीच्या जागी घालतात. एकाच नेटवर्कमधल्या दोन यंत्रांमधला डेटा राउटिंगमध्ये येतच नाही, तो स्विचमधूनच जातो. त्यासाठी २.५ चा स्विच घ्या.

वाय-फायचं काय? वायर्ड राउटरला अँटेना नसतात, आणि तेच बरं. जुना वाय-फाय राउटर फेकू नका. त्याचा डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला मोकळा आयपी (कुणी न वापरलेला पत्ता) द्या आणि केबल त्याच्या वॅनऐवजी लॅन पोर्टात लावा. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर निम्म्या मोबाइलना भलताच गेटवे (बाहेर जायची वाट) मिळतो आणि 'कधी चालतं, कधी नाही' अशी तक्रार सुरू होते.

ओएनटीशी जुळवणं

राउटर उत्तम असूनही काम अडतं ते बहुधा इथे. ओएनटी स्वतःच राउटिंग करत असेल तर तुमचा राउटर त्यामागे दुसरा नॅट लावतो. ब्राउझिंग चालतं, पण बाहेरून डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग) बघणं आणि व्हीपीएन लटकतं. शिवाय दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर काहीच धड चालत नाही. आपल्या राउटरची लॅन १९२.१६८.२०.१ अशी वेगळी करा, आणि नेटवाला तयार असेल तर ओएनटी ब्रिज मोडवर (त्याचं राउटिंग बंद करून) टाकून घ्या.

ब्रिज करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: पीपीपीओई (लॉगिन करून लागणारं कनेक्शन) असेल तर युजरनेम व पासवर्ड, व्हीलॅन आयडी (नेटवाल्याने लाइनला दिलेला विभागाचा क्रमांक), आणि आयपी आपोआप मिळतो की हाताने घालायचा. पुष्कळ ठिकाणचे लोकल नेटवाले पहिल्या यंत्राचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा वेगळा हार्डवेअर क्रमांक) बांधून ठेवतात. नवा राउटर लावल्यावर कनेक्शन उठलं नाही तर त्यांना फोन करून मॅक मोकळा करून घ्या, किंवा राउटरमध्ये जुना मॅक क्लोन करा.

पीपीपीओईत प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट खर्ची पडतात, म्हणून एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १५०० ऐवजी १४९२ ठेवायचा. हे चुकलं तर गूगल उघडतं पण एखादी बँकेची साइट अर्धवट लोड होऊन थांबते. 'एमएसएस क्लॅम्प' (पॅकेटचा आकार आपोआप आवरणारी सेटिंग) चालू केलं की बहुतेक वेळा सुटतं.

वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही नेटवाल्याच्या सामायिक नॅटमागे आहात. मग कितीही महागडा राउटर आणा, पोर्ट फॉरवर्डिंग चालणार नाही. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) घ्या.

दोन कनेक्शन आणि वीज

दुकानाला दोन कनेक्शन घेताना दोन्हींची फायबर एकाच खांबावरून येत नाही ना, बघा. जेसीबी आली की दोन्ही एकदम जातात. राउटरमध्ये नेट आहे की नाही हे फक्त पोर्टच्या लिंकवरून ठरवू नका. फायबर तुटली तरी ओएनटीचं पोर्ट जिवंत असतं, आणि राउटर मेलेल्या लाइनवरच डेटा पाठवत बसतो. ऑनलाइन डिटेक्शन चालू करून ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला पिंग लावा. दोन्ही लाइनवर भार वाटला तर एका डाउनलोडचा वेग दुप्पट होत नाही. उलट मध्येच आयपी बदलल्यामुळे नेटबँकिंग किंवा जीएसटीच्या पोर्टलवरून लॉगआउट व्हायला होतं. त्या कॉम्प्युटरना एकाच लाइनवर बांधा, नाहीतर दुसरी लाइन फक्त बॅकअपला ठेवा.

मिनी यूपीएस घेताना अडॅप्टरवरचं व्होल्टेज वाचा. वर सांगितलेलं हेक्सचं मॉडेल ८ ते ३० व्होल्ट घेतं, म्हणून १२ व्होल्टच्या यूपीएसवर ते चालतं. काही छोटे राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ देऊ नका. ओएनटी आणि स्विचही यूपीएसवर हवेत, नुसता राउटर चालून उपयोग नाही. गच्चीवरून दुसऱ्या इमारतीत लाइन न्यायची असेल तर तांब्याची केबल टाळून फायबर टाका. पावसाळ्यात विजेच्या कडकडाटाने पोर्ट जळतात ते अशाच लांब तांब्याच्या केबलमुळे.

पहिल्या दिवशी

फर्मवेअर अपडेट करा, पासवर्ड बदला आणि वॅनच्या बाजूने राउटरचं पान उघडत नाही याची खात्री करा. मायक्रोटिकच्या विनबॉक्समधली (राउटर हाताळायच्या सॉफ्टवेअरमधली) २०१८ ची त्रुटी ज्यांना भोवली, त्यांचं ८२९१ पोर्ट इंटरनेटला उघडं होतं. मग परत करायची मुदत संपण्याआधी पूर्ण भाराची चाचणी घ्या: क्यूओएस, व्हीपीएन जे जे वापरणार ते सगळं चालू करून डाउनलोड आणि अपलोड एकदम लावा, आणि राउटरच्या पानावर प्रोसेसरचा वापर पाहा. तो सतत ९० टक्क्यांवर टेकला असेल तर वरच्या वर्गातला मागवा. सगळं जमलं की सेटिंगचा बॅकअप पेन ड्राइव्हवर काढा आणि पीपीपीओईचा पासवर्ड, व्हीलॅन आयडी एका कागदावर लिहून राउटरच्या खालच्या बाजूला चिकटवा.