ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांचा थेरपी ग्रुप सुरू करायचाय? मग हे बघा

नाशिकमध्ये असा ग्रुप काढायचा असेल तर आधीच सांगते, ही भिशी नाही आणि सत्संगही नाही. ट्रेनिंग घेतलेली सायकॉलॉजिस्ट हवीच, जमलं तर दोघी, म्हणजे एक बोलतेय तोवर दुसरीचं लक्ष कोपऱ्यात गप्प बसलेलीकडे राहतं. बायका आठ-दहाच घ्या, दर आठवड्याला ठरलेला वार, दीड तास. आत्ताच निदान झालेल्या आणि चौथ्या स्टेजच्या शक्यतो वेगळ्या बसवा, दोघींची भीती वेगळी असते.

वेळ दुपारची ठेवा, निफाड-सिन्नरहून येणारीला उजेडात घरी पोचायचं असतं, त्यामुळे जागा सीबीएसच्या, म्हणजे सेंट्रल बस स्टँडच्या आसपास मिळाली तर बेस्ट. खुर्च्याच हव्यात, सतरंजी नको, ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातावर जोर देऊन उठायचं कसं? केमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी असतात, म्हणून सर्दी-खोकला असलेलीने त्या दिवशी फोनवरून जॉइन व्हायचं. सोबत आलेले नवरे, सासवा बाहेर चहा पितील.

पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून वदवून घ्या की इथलं इथेच राहणार, कारण कॉलेज रोडला बोललेलं संध्याकाळी सिडकोत पोचतं, कुणाची ना कुणाची नणंद तिकडे असतेच. व्हॉट्सॲप ग्रुप फक्त वेळ कळवायला, गोमूत्राचे फॉरवर्ड आले की डिलीट.

आता खरं काम. "पॉझिटिव्ह राहा गं" या वाक्याला तिथे बंदी घाला, घरी ते दिवसातून दहा जण ऐकवतात. समजा एखादी काकू म्हणाली की केस गेले ते स्कार्फने झाकते, पण ब्लाउजच्या आतली सपाट बाजू ह्यांनी अजून बघितली नाहीये आणि मीही दाखवलेली नाही, तर लगेच सल्ला देऊ नका, रडू दे तिला, मग बाकीच्यांना विचारा असं अजून कुणाचं आहे का. बहुतेक दोघी-तिघी मान हलवतात. ग्रुपमधली कुणी गेली तर तेही लपवायचं नाही, पुढच्या वेळी त्यावरच बोलायचं.

आणि "ग्रुपने आयुष्य वाढतं" असं कुणाला सांगू नका प्लीज. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सायकियाट्रिस्ट डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात ८६ बायकांपैकी ग्रुपवाल्या सरासरी जवळपास दुप्पट जगल्या होत्या, त्यावरून हे पसरलं, पण २००१ च्या कॅनडातल्या २३५ बायकांच्या अभ्यासात आयुष्य वाढलं नाही आणि नंतर खुद्द स्पीगल यांनाही ते पुन्हा दिसलं नाही. मन हलकं झालं, दुखणं कमी जाणवलं, तेही आधीच जास्त त्रासात असलेल्यांना जास्त. माझ्या मते एवढ्यासाठीही ग्रुप काढावा.

कुणी "जगावंसंच वाटत नाही" म्हणाली तर सेशन संपल्यावर तिला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, त्याच दिवशी सायकियाट्रिस्टला दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात, तो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये पहिल्याच दिवशी सेव्ह करून द्या.