स्वीडिश ऑफिसातली बोली इंग्रजीत आणताना

वाळूज-शेंद्र्यात बसून स्वीडनचे मेल इंग्रजीत करताना आधी ओळखीच्या शब्दांवर नजर ठेवा. घात तेच करतात. ‘शेफ’ आचारी नव्हे, साहेब: ‘मॅनेजर’ लिहा. ‘सेमेस्टर’ म्हणजे सुट्टी; तसंच ठेवलं तर साहेब कॉलेजात गेल्यासारखं वाटतं.

‘वाब’ म्हणजे आजारी लेकरासाठी घरी थांबणं. नुसतं ‘सिक लीव्ह’ लिहिलं की आजारी माणूसच बदलतो. ‘ऑफ विथ अ सिक चाइल्ड’ बरोबर.

‘क्लेमदाग’ हा सण आणि शनिवार-रविवारच्या कात्रीत सापडलेला कामाचा दिवस. त्याला सरळ वार सांगा: ‘द फ्रायडे आफ्टर द हॉलिडे’. ‘फिका’ला ‘कॉफी ब्रेक’ पुरे.

तारखेऐवजी आठवड्याचा आकडा येतो. आठवडा सोमवारी सुरू होतो. 2025 चा 28वा आठवडा म्हणजे 7 ते 13 जुलै. तारीखच लिहा.