नवख्या गेम मास्टरला कोणतं मॉड्यूल सुचवावं?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या भूमिका-खेळात बाकीचे एकेक पात्र होऊन खेळतात आणि गेम मास्टर गोष्ट सांगत खेळ चालवतो; त्याच्यासाठी आधीच लिहून ठेवलेलं तयार साहस म्हणजे मॉड्यूल. "जुन्या धाटणीचं एखादं मॉड्यूल सांग ना," असं कोणी म्हटलं की मी आधी उलट विचारते: एका बैठकीत संपवायचंय की महिनोन्‌महिने चालवायचंय? आणि पात्रं मेली तर चालेल का? चालणार नसेल, तर १९७८ साली छापलेलं 'टूम ऑफ हॉरर्स' बाजूला ठेवा. ते मुळात कसलेल्या खेळाडूंचा कस पाहायलाच रचलेलं.

पहिल्यांदाच खेळ चालवणाऱ्याला मी डोळे झाकून 'टूम ऑफ द सर्पंट किंग्ज' देते. त्याची पीडीएफ फुकट मिळते आणि ते शिकवत शिकवत पुढे नेतं. सुरुवातीलाच एका दाराला दगडी अडसर आहे. तो उचलला की भलामोठा हातोडा झुलत अंगावर येतो. पण अडसर ज्यांवर टेकलाय त्या खुंट्या नीट न्याहाळल्या, तर सापळ्याचा सुगावा आधीच लागतो. फाशांआधी डोळे वापरायचे, हे खेळाडूंना तिथेच कळतं. म्हणून गेम मास्टरने वर्णन करताना खुंट्यांचा उल्लेख अजिबात गाळू नये.

लांबलचक मोहीम हवी असेल तर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सचं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' घ्या. त्यातले गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, अडचणीत आले की शेजारच्या ऑगरकडे, म्हणजे धिप्पाड राक्षसाकडे, पैशांची थैली फेकून त्याला मदतीला बोलावतात. किती सुरेख! मात्र नावातला 'कीप' म्हणजे जो किल्ला, त्यातल्या माणसांना नावं दिलेली नाहीत. निदान सराईवाल्याचं आणि पुजाऱ्याचं नाव आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.