जुनं फ्रेंच हेल्मेट घेताय? या चुका टाळा

नवा माणूस हेल्मेट हातात आलं की आधी समोरचा बॅज बघतो, आणि नेमका तिथेच फसतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली फ्रेंच सैन्यात आलेलं आड्रियां हेल्मेट, ते वर कलगी असलेलं, त्याचा बॅज पातळ पत्र्याचा असतो आणि मागच्या दोन पट्ट्या खाचांतून आत घालून नुसत्या वाकवलेल्या असतात. म्हणजे काढून दुसरा बसवणं अगदी सोपं. पायदळाचा आरएफ (म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताक) लिहिलेला पेटता ग्रेनेड सगळ्यात कॉमन, म्हणून कोणीतरी तो काढून उत्तर आफ्रिकेच्या तुकड्यांची चंद्रकोर नाहीतर रशियाचा दोन डोक्यांचा गरुड लावतो आणि भाव चढवतो. तेव्हा हेल्मेट उलटं करा, पट्ट्या ताज्या वाकवल्यासारख्या चकाकतायत का बघा, बॅजवरचा रंग आणि हेल्मेटचा रंग एकाच वयाचा वाटतो का तेही बघा.

दुसरा घोळ मॉडेलचा. १९२६ चं हेल्मेट पहिल्या महायुद्धाचं म्हणून सर्रास खपवतात. हे ओळखायला तर बोट पुरतं! १९१५ च्या हेल्मेटला पुढची आणि मागची कड वेगळी जोडलेली असते, जोड हाताला लागतो, १९२६ चं मात्र अख्खं एका पत्र्यातून दाबून काढलेलं. शिवाय कलगीखाली हवेसाठी जुन्याला एक लांब फट, नव्याला छोटी भोकं.

आता माझा गाढवपणा सांगतो. माझ्याकडे एक १९१५ चं होतं, वर खाकी रंग, आणि एका कोपऱ्यात खाली पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच हेल्मेटांचा तो प्रसिद्ध निळसर राखाडी रंग डोकावत होता, मला वाटलं खाकी नंतर कोणीतरी फासलाय, म्हणून बसलो पॉलिश पेपर घेऊन. खाकी गेला, निळाही अर्धा गेला, आणि मग कळलं की जुनी हेल्मेटं पुढे सैन्यानेच खाकी रंगवून १९३९-४० मध्ये परत वापरली होती. म्हणजे दोन युद्धं बघितलेली वस्तू मी एका रविवारी संपवली.

म्हणून तारेची घासणी, गंज काढायचं लिक्विड, नवा रंग, काहीही नको. कोरडा मऊ ब्रश फिरवा आणि थांबा. आतल्या चामड्याला बूट पॉलिश तर अजिबात लावू नका. आणि ते अस्तर उचलून बघा, १९१५ च्या अस्तरामागे अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळी पट्ट्या असतात, त्यांना चुंबक चिकटला तर शंका घ्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हेल्मेट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणारे पण भेटलेत, आत दमट हवा कोंडून सप्टेंबरपर्यंत चामड्यावर बुरशी येते. सुती कापडात गुंडाळा, डब्यात सिलिका जेल टाका.

"व्हर्दनच्या (पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्समधल्या प्रसिद्ध रणभूमीच्या) मातीतून निघालंय" या गोष्टीचे पैसे देऊ नका. फ्रान्समध्ये परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या वस्तू शोधणं बेकायदा आहे, आणि गंज तर कोणी मिठाच्या पाण्यात भिजवूनही आणतो.

आणि पुढच्या कडेवर 'महायुद्धाचा सैनिक १९१४-१९१८' अशा अर्थाची फ्रेंच पितळी पट्टी दिसली तर ती नंतरची भर म्हणून उपटू नका, युद्ध संपल्यावर सैनिकांना आठवण म्हणून तीच दिली होती.