दोन्ही स्पेलिंग बरोबर, तरी मजकूर चुकतो: या चुका टाळा

इंग्रजीत 'कलर'मध्ये 'यू' लिहा किंवा गाळा, दोन्ही मान्य आहे. चूक होते ती एकाच मजकुरात दोन्ही रूपे आल्यावर. म्हणून ब्रिटिश की अमेरिकन, हे पहिल्या ओळीआधीच ठरवा.

'झेड' दिसला की मजकूर अमेरिकन, हा सर्वांत चिवट गैरसमज. ऑक्सफर्डची पद्धत ब्रिटिश असूनही 'ऑर्गनाइझ', 'रिअलाइझ' झेडनेच लिहिते. मात्र 'अ‍ॅनलाइझ'ला तीही एस वापरते. 'अ‍ॅडव्हाइज', 'सुपरव्हाइज' आणि 'एक्सरसाइज' तर अमेरिकेतही एसनेच लिहितात. तिथे झेड घातला की ती सरळ चूक.

'ह्यूमर'च्या शेवटी ब्रिटिश पद्धतीत ओ आणि आर यांच्यामध्ये यू येतो, पण 'ह्यूमरस' लिहिताना तो दोन्हीकडे गळतो. 'कलरफुल'मध्ये ब्रिटिश लेखक तो ठेवतात. 'ट्रॅव्हल्ड'ला ब्रिटिश दोन एल, अमेरिकन एक. 'फुलफिल' आणि 'एनरोल'च्या शेवटी नेमके उलट.

'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' ब्रिटिश पद्धतीत नाम असताना सीने, क्रियापद असताना एसने लिहितात. गोंधळ झाला तर 'अ‍ॅडव्हाइस' आणि 'अ‍ॅडव्हाइज' आठवा. तिथे हा फरक कानालाच कळतो. अमेरिकन पद्धतीत 'प्रॅक्टिस' कायम सीने, 'लायसन्स' कायम एसने.

सर्वांत जास्त नुकसान 'रिप्लेस ऑल' करते. अंतराच्या 'मीटर'चे शेवटचे ई-आर ब्रिटिश आर-ई करायला जावे, तर 'पॅरामीटर'ही बिघडतो. मोजणी करणारे उपकरण असलेला 'मीटर'ही बदलतो, आणि तो ब्रिटिश इंग्रजीतही ई-आरनेच लिहितात. त्यामुळे 'फाइंड होल वर्ड्स ओन्ली'वर खूण करा आणि तरीही एकेक जागा बघूनच बदला. अवतरणे आणि विशेषनामे वगळा: जागतिक आरोग्य संघटनेच्या इंग्रजी नावात झेड आहे, पर्ल हार्बरमध्ये यू नाही.

वर्डमध्ये चुकीखाली लाल रेघ येत नसेल, तर बाहेरून चिकटवलेल्या परिच्छेदाची भाषा वेगळी असू शकते. कंट्रोल-ए दाबा, 'रिव्ह्यू'मधल्या 'लँग्वेज'मध्ये 'सेट प्रूफिंग लँग्वेज' उघडा, भाषा निवडा आणि 'डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर'वरची खूण काढा. ब्रिटिश इंग्रजी निवडल्यावर तपासनीस एस-झेड दोन्ही चालवून घेतो, म्हणून ती सरमिसळ 'फाइंड'ने हातानेच शोधावी लागते.

वेबपानाच्या कोडला मात्र हात लावू नका. पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत 'ग्रे' ए आणि ई दोन्हींनी चालतो. 'कलर'मध्ये यू घातला की ब्राउझर ती ओळ सोडून देतो.